ब्रिजमध्ये समोरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट पाडायचं कसं? डिफेन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नोकरीसाठी जळगाव-भुसावळ अपडाउन करते. आमच्या लेडीज डब्यात मांडीवर पेपर पसरून मेंढीकोट रंगतं तसं बहुतेक डब्यांमध्ये रंगत असेल. ब्रिज मात्र मला सासऱ्यांनी शिकवलं, ते रेल्वेत गार्ड होते, सगळे त्यांना आबा म्हणतात. आता आमच्या घरी रविवारी दोन टेबलं लागतात आणि नवीन येणारा प्रत्येक जण बिडिंग शिकून घेतो, डिक्लेअरर (बोली जिंकून डाव खेळणारा) व्हायला मिळालं की खूष होतो, आणि डिफेन्स (समोरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांनी बोलीत कबूल केलेले हात, होऊ न देणं) आला की हाताला लागेल ते पान टाकतो. वाईट वाटतं, कारण हिशोब केला तर तुम्ही सरासरी चारातून एकाच डावात डिक्लेअरर असता, एकात डमी (पानं टेबलावर उघडी ठेवणारा डिक्लेअररचा भिडू), आणि उरलेल्या दोनात डिफेंडर. म्हणजे अर्धा खेळ डिफेन्सचाच आहे. लोक मला जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहिलेत. ज्यांना बिडिंग आणि हात कसे मोजतात एवढं माहितीये त्यांच्यासाठी.

मला मेंढीकोट चांगलं येतं, मग ब्रिजचा डिफेन्स जमेल ना?

जमेल, आणि तुम्ही इतरांपेक्षा पुढेच असाल. समोर भिडू बसलाय, त्याच्या पानावरून त्याच्याकडे काय आहे ते ओळखायचं, कोणता रंग किती वेळा फिरला ते ध्यानात ठेवायचं, ही सवय तुम्हाला आहेच. फक्त दोन गोष्टी डोक्यातून काढा. एक म्हणजे दश्शीला इथे वेगळी किंमत नाही, त्यामुळे ती वाचवायची धडपड नको. दुसरं, आपला भिडू हात जिंकतोय म्हणून डोळे झाकून हलकं पान टाकायचं असं ब्रिजमध्ये नेहमी चालत नाही, कधी कधी भिडूच्या जिंकणाऱ्या पानावरही हुकूम मारावा लागतो, त्याचं उदाहरण खाली दिलंय.

डमी उघडल्यावर मी आधी काय बघू?

पान टाकू नका, आधी मोजा. आबांचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, "पह्यले मोज, मंग टाक." पहिला आकडा म्हणजे आपल्याला किती हात पाहिजेत. तीन नो ट्रम्प (हुकूम नसलेला डाव) पाडायला ५, चार बदाम किंवा चार इस्पिक पाडायला ४, पाच चौकट किंवा पाच किल्वर असेल तर ३, स्मॉल स्लॅमला २ आणि ग्रँड स्लॅमला १. हा आकडा मनात धरून मग स्वतःला विचारा की हे हात येणार कुठून, माझ्याकडे पक्के किती, भिडूकडून किती यायला हवेत, आणि भिडूकडे नेमकं कोणतं पान असलं तर हे शक्य आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. समजा चार इस्पिकला तुम्हाला तीन हात दिसतायत आणि चौथा फक्त भिडूकडे किल्वरचा राजा असेल तरच येतो, तर भिडूकडे तो राजा आहेच असं धरून खेळायचं. नसला तर कॉन्ट्रॅक्ट होणारच होतं, तुमचं फार काही गेलं नाही. असला आणि तुम्ही तसं खेळला नाहीत तर ते कॉन्ट्रॅक्ट तुम्हीच समोरच्यांच्या पदरात घातलं.

पहिली उतारी कोणती करावी?

यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, मी रोज कामाला येतं तेवढंच सांगते. नो ट्रम्पला आपला लांब रंग काढायचा आणि त्यातलं वरून चौथं पान खेळायचं, पण राजा-राणी-गुलाम किंवा गुलाम-दश्शी-नव्वी अशी सलग पानं असतील तर वरचं पान. हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टला लांब रंगाचा एवढा उपयोग नसतो कारण दोन-तीन फेऱ्यांत कोणीतरी कापणारच, तिथे एक्का-राजा असेल तर तो रंग चांगला, सलग पानं चांगली, एकटं पान असेल आणि हातात छोटे हुकूम असतील तर तेही चांगलं. हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टला एक्क्याखालून छोटं पान काढू नका, डिक्लेअररच्या एकट्या राजाला फुकटचा हात मिळतो आणि तुमचा एक्का नंतर कापला जातो.

आणि बिडिंग ऐका हो. डमी एखाद्या रंगात आखूड आहे आणि तिथे काप मारून हात काढायचेत असं बोलीवरून दिसत असेल तर पहिलीच उतारी हुकमाची करा.

रूल ऑफ इलेव्हन म्हणजे काय? त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि मी तो स्वतः भोगलाय म्हणून हा डाव पूर्ण सांगते.

भिडूने वरून चौथं पान काढलं असेल तर ११ मधून त्या पानाचा आकडा वजा करायचा, जे उरेल तेवढी त्याच्यापेक्षा मोठी पानं बाकीच्या तिघांकडे मिळून असतात. डमी तुम्हाला दिसते, स्वतःची पानं दिसतात, म्हणजे डिक्लेअररकडे किती मोठी पानं आहेत ते लगेच कळतं.

डाव असा होता. डावीकडच्याने एक नो ट्रम्प बोललं, त्याच्या भिडूने थेट तीन नो ट्रम्प. आबांनी बदाम छक्की काढली. डमीत बदामचा राजा, नव्वी, तिर्री. माझ्याकडे एक्का, गुलाम, अठ्ठी, दुर्री. डमीतून तिर्री पडली आणि मी ठाऽप करून एक्का लावला, कारण तिसऱ्या हाताने मोठं पान लावायचं एवढंच मला ठाऊक होतं. मग दुर्री परत खेळले, आबांनी दश्शी लावली, डमीचा राजा जिंकला. पुढे डिक्लेअररने इस्पिकचे चार हात काढले, किल्वरचा माझा राजा फिनेसमध्ये (मोठ्या पानाला चुकवून हात काढायची युक्ती) गेला त्यामुळे तिथेही चार, आणि बदामचा राजा धरून नऊ. कॉन्ट्रॅक्ट झालं.

आबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त आपले चार बदाम टेबलावर मांडले, राणी, दश्शी, सत्ती, छक्की, आणि शेजारी चौकट एक्का ठेवला.

आता मोजा. ११ वजा ६ म्हणजे ५. छक्कीपेक्षा मोठी डमीत दोन, राजा आणि नव्वी. माझ्याकडे तीन, एक्का, गुलाम, अठ्ठी. झाली पाच. म्हणजे डिक्लेअररकडे छक्कीच्या वरचं एकही बदाम नाही! डमीतून तिर्री पडल्याबरोबर आबांची छक्कीच हात जिंकत होती, मी फक्त दुर्री टाकायची होती. मग खेळ आबांच्याच हातात राहतो, ते सत्ती खेळतात, डमीचा राजा-नव्वी आता माझ्या एक्का-गुलामाच्या कात्रीत. डमीने नव्वी लावली तर माझा गुलाम, पुढच्या हाताला माझ्या एक्क्यावर राजा पडतो. राजा लावला तर लगेच एक्का. कसंही केलं तरी बदामचे चारही हात आपले, वर आबांचा चौकट एक्का, पाच. कॉन्ट्रॅक्ट एकाने डाऊन.

इथे अठ्ठी लावूनही पहिला हात जिंकता आला असता, पण मग पुढची उतारी माझ्यावर येते आणि मी कोणतंही बदाम खेळलं तरी डमीच्या राजाला हात मिळतो. म्हणून दुर्रीच. हात कोणी जिंकायचा, भिडूने की मी, हाही प्लॅनचाच भाग असतो.

भिडूकडे किती पॉइंट आहेत ते कसं कळणार?

वजाबाकीने. पूर्ण गड्डीत ४० पॉइंट, एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. वरच्याच डावात डमीत १० होते, माझ्याकडे बदाम एक्का-गुलाम आणि किल्वर राजा मिळून ८. डिक्लेअररने एक नो ट्रम्प बोललं म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७. सगळे मिळून ३३ ते ३५, उरले ५ ते ७, ते आबांचे. बदाम राणी आणि चौकट एक्का, ६. म्हणजे भिडूकडे एखादा एक्का असायला जागा आहे हे पहिल्या हातालाच कळत होतं. पुढे जसजशी पानं पडतात तसा हा हिशोब घट्ट होत जातो, डिक्लेअररने १४ दाखवून झाले असतील आणि एक राजा बेपत्ता असेल तर तो त्याच्याकडेही असू शकतो, पण १७ दाखवून झाले असतील तर तो राजा भिडूकडेच.

सुरुवातीला हे जड जातं. एका बैठकीत प्रत्येक डावात फक्त पॉइंट मोजा, पुढच्या बैठकीत फक्त डिक्लेअररचा एक रंग मोजा. सगळं एकदम करायला गेलात तर काहीच होणार नाही.

घाई करायची का शांत राहायचं, हे कशावर ठरवू?

डमीवर. डमीत पाच-सहा पानांचा भरलेला रंग दिसतोय आणि तिथे पोचायला एंट्रीही (डमीला हात जिंकून देणारं पान) आहे, तर डिक्लेअरर तुमच्या हरणाऱ्या रंगातली पानं त्यावर फेकून देणार. तिथे थांबून चालत नाही, केळीचा घड कापला की गाडी लागायलाच हवी, तसे आपले हात आत्ताच काढायचे, राजाखालून खेळावं लागलं तरी खेळायचं. उलट डमी सपाट असेल, ४-३-३-३, कुठे लांब रंग नाही, तर डिक्लेअररला स्वतःच प्रत्येक रंग फोडावा लागणार आहे, तुम्ही त्याचं काम कशाला करताय. तिथे सुरक्षित पान खेळून गप्प बसायचं, नुसती हुकमाची उतारी किंवा त्याचाच जिंकणारा रंग परत.

एक रंग आहे ज्यात दोन्ही बाजूंना एकेक राणी-गुलाम विखुरलेत, तो रंग जो आधी फोडतो त्याचा एक हात बहुतेक वेळा जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच झालं.

एक्का लगेच घ्यायचा का धरून ठेवायचा?

आपल्याकडे धुळ्याकडे पांझरेवर जुनी फड पद्धत आहे, बंधाऱ्यातलं पाणी पाटाने फडाफडात जातं आणि कुणाला कधी सोडायचं ते पाटकरी बघतो. बंधारा कितीही भरलेला असू दे, पाट बंद केला की शेताला थेंब नाही. डमीचा लांब रंग म्हणजे भरलेला बंधारा समजा.

नो ट्रम्प चालू आहे, डमीत चौकट राजा-राणी-गुलाम-दश्शी-चौकी, बाहेर दुसरी एकही एंट्री नाही. तुमच्याकडे चौकट एक्का-सत्ती-तिर्री. डिक्लेअरर चौकट खेळतो. पहिल्याच हाताला एक्का घेतलात तर उरलेली चारही पानं तो आरामात काढतो. एक्का धरायचा आणि डिक्लेअररची चौकट संपेल त्याच हाताला घ्यायचा, मग तो डमीकडे जाणार कसा?

पण त्याच्याकडे किती आहेत हे कसं कळणार? भिडूकडून. भिडूने आधी मोठं आणि मग छोटं पान टाकलं, समजा नव्वी मग दुर्री, तर त्याच्याकडे सम संख्येत पानं, म्हणजे इथे दोन. डमी ५, तुम्ही ३, भिडू २, एकूण १०, डिक्लेअररकडे ३. तिसऱ्या हाताला एक्का घ्या. भिडूने आधी छोटं मग मोठं टाकलं तर त्याच्याकडे ३, डिक्लेअररकडे २, दुसऱ्या हातालाच घ्या. एक हात उशीर केलात तर डिक्लेअररला फुकटचा हात, एक हात लवकर केलात तर पूर्ण रंग मोकळा. भिडूच्या त्या दोन फालतू वाटणाऱ्या पानांवर सगळं अवलंबून असतं, म्हणून डिफेन्समध्ये फालतू पान असं काही नसतं.

दुसऱ्या हाताने छोटं, तिसऱ्या हाताने मोठं, हा नियम कायम पाळायचा का?

काहीच विचार सुचत नसेल तेव्हा पाळा. विचार सुचला तर विचार पाळा. वरच्या बदामच्या डावात तिसऱ्या हाताचा नियम पाळूनच कॉन्ट्रॅक्ट दिलं मी.

सिग्नल किती आणि कोणते ठेवायचे?

थोडे ठेवा आणि दोघांनी ते पक्के पाठ करा. भिडूच्या उतारीवर मोठं पान म्हणजे हाच रंग चालू ठेव, छोटं म्हणजे दुसरं काहीतरी बघ. डिक्लेअरर रंग काढतोय तेव्हा मोठं-छोटं म्हणजे सम, छोटं-मोठं म्हणजे विषम. आणि भिडूला कापायला पान देता तेव्हा मोठं पान दिलं तर परतीला उरलेल्या दोन रंगांतला वरचा, छोटं दिलं तर खालचा (हुकूम सोडून). वर्षभर एवढ्यावर खेळा. आमच्याकडे एक जोडी आली होती, त्यांच्याकडे सात प्रकारचे सिग्नल लिहिलेला कागद होता आणि प्रत्येक डावानंतर दोघांचं भांडण, की ती पंजी कशासाठी होती.

अजून एक, सिग्नल द्यायला म्हणून हात देणारं पान खर्च करू नका. दश्शीने पुढे हात मिळणार असेल तर ती जपा, भिडूला सत्तीवरून समजून घेऊ दे.

माझ्याकडे छोटे हुकूम आहेत, त्यांचा काय उपयोग?

हा माझा आवडता भाग आहे. चार इस्पिक चालू आहे. भिडूने किल्वर एक्का काढला, मग राजा, तुम्ही नव्वी आणि मग दुर्री टाकून दोनच आहेत हे दाखवलं. डमीत किल्वर गुलाम-सत्ती-तिर्री, डिक्लेअररकडेही दोनच किल्वर होती. दोन हात झाले. बदामचा एक्का तुमच्याकडे आहे, तीन. चौथा कुठून येणार? हुकमात तुमच्याकडे फक्त एकटी दश्शी. डिक्लेअररकडे एक्का-राजा-राणी-नव्वी-छक्की-पंजी, भिडूकडे गुलाम-अठ्ठी-चौकी. डिक्लेअररने सरळ तीन हुकूम काढले तर भिडूचा गुलाम तिसऱ्या हाताला पडतो, संपलं.

आता भिडू तिसरं किल्वर खेळतो आणि तुम्ही त्यावर दश्शी मारता. डिक्लेअररला तुमच्या दश्शीवर मारायचं तर राणीच लावावी लागते. मग त्याच्याकडे वरचे दोनच उरले, एक्का आणि राजा, त्यावर भिडूची चौकी आणि अठ्ठी जातात आणि गुलाम हात जिंकतो. त्याने वर मारलंच नाही तर तुमची दश्शीच हात झाली. कसाही चौथा हात आलाच. तुमच्या एकट्या दश्शीने स्वतः काही जिंकलं नाही, पण राणी संपवून भिडूचा गुलाम उभा केला. ब्रिजमध्ये याला अपरकट म्हणतात.

इथे भिडूने काळजी घ्यायची. तिसरं किल्वर त्याने राणी खेळली तर तुम्हाला वाटेल भिडू जिंकतोय, कशाला मारू. त्याने छोटं किल्वर खेळावं, म्हणजे डमीचा गुलाम वर येतो आणि तुम्हाला मारण्यावाचून पर्यायच राहत नाही. चांगला भिडू तुमचा निर्णय सोपा करतो.

मी जरा थांबून, विचार करून पान टाकलं तर भिडूला कळेल ना? चालतं ना ते?

विचार करा, जरूर करा. पण तुमच्या थांबण्यावरून, श्वासावरून, पान आपटण्यावरून भिडूने अर्थ काढला तर ते नियमाविरुद्ध आहे, भिडूला माहिती फक्त बोलीतून आणि पडलेल्या पानांतूनच मिळायला हवी. घरच्या मेंढीकोटात डोळा मारणं, खोकणं हे सगळं चालून जातं, इथे नाही. एकटं पान असताना विचारात पडल्याचं नाटक करून डिक्लेअररला फसवणं हेही नियमात बसत नाही. यावर आमच्या घरी सगळ्यात कडक आबाच आहेत आणि मला ते पटतं, कारण एकदा चेहऱ्यावर खेळायला लागलात की मोजायचं सुटतंच.

डबल कधी द्यावं?

पॉइंट जास्त आहेत म्हणून नाही, हात दिसतायत म्हणून. नॉन-व्हल्नरेबल (कमी दंडाच्या स्थितीत) असताना एक डाऊनचे ५०, डबल असेल तर १००, दोन डाऊनचे डबलमध्ये ३००. व्हल्नरेबल असतील तर १०० चे २०० आणि दोन डाऊनला ५००. पण डबलमुळे डिक्लेअररला तुमचे हुकूम कुठे आहेत ते आयतं कळतं, हा खर्च धरूनच ठरवा.

पेअर्स आणि टीम स्पर्धेत डिफेन्स वेगळा असतो का?

हो. टीममध्ये कॉन्ट्रॅक्ट पाडणं हेच मोठं, तिथे एखादा जास्तीचा हात गेला तरी ३० पॉइंटचा प्रश्न, पण चार इस्पिक नॉन-व्हल्नरेबल झालं तर ४२० आणि पडलं तर आपल्याला ५०, त्यामुळे पाडायची बारीकशी शक्यता असली तरी जास्तीचा हात पणाला लावायचा. पेअर्समध्ये तीच पानं दुसऱ्या टेबलांवरही खेळली जातात आणि तुलना हाताहाताची होते, तिथे तो ३० पॉइंटचा हातही जपावा लागतो. नवीन असाल तर टीमसारखाच विचार करत शिका.

घरचे म्हणतात पत्ते म्हणजे जुगार, काय सांगू?

२०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा खेळलं गेलं आणि पुरुषांच्या पेअर्समध्ये आपल्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणलं, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. भारताला ब्रिजमध्ये दोन कांस्यपदकंही मिळाली. आणि पैशाशिवाय, सगळ्या टेबलांना तीच पानं देऊन जो खेळ होतो त्यात नशिबाला जागा किती उरते हे त्यांना एकदा शेजारी बसवून दाखवा. माझ्या आईला मी तसंच बसवलं, तिसऱ्या डावाला ती म्हणाली, तू आत्ता चुकीचं पान टाकलंस का गं?

एकट्याने सराव कसा करायचा? आमच्या गावात चार जणही नाहीत.

ब्रिज बेस ऑनलाइनवर मोफत खेळता येतं, मोबाईलवर चालतं, शहाद्यात असा नाहीतर चोपड्यात, भिडू मिळतो. पण नुसते डाव खेळत सुटू नका. पडलेल्या प्रत्येक कॉन्ट्रॅक्टनंतर, आणि त्याहून जास्त न पडलेल्या कॉन्ट्रॅक्टनंतर, चारही हात उघडून बघा की कोणत्या पानाला आपल्याला सगळं मोजता येत होतं.

आणि गड्डी घेऊन एक करा, मी अजूनही गाडीची वाट बघताना करते. १३ पानं चार रंगांत कशी पडतात ते आकडे पाठ करा, ४-४-३-२, ५-३-३-२, ५-४-३-१, ५-४-२-२, ४-३-३-३. मग डिक्लेअररने पाच इस्पिक आणि चार बदाम दाखवले की उरलेले ४ दोन रंगांत कसे, ३-१, २-२ की ४-०, एवढंच शोधायचं राहतं, आणि भिडूच्या एका पानावरून तेही सुटतं.